चक्कर थांबली, तोल सावरायचा आहे

मंगळागौरीच्या खेळात फुगडी रंगात आली की दोघीजणी गरगर फिरतात, आणि थांबल्यावर काही क्षण एकमेकींचे हात सोडत नाहीत. पाय थांबलेले असतात, घर मात्र फिरत असतं. त्याचं कारण कानाच्या आत आहे. कानामागच्या हाडात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या आणि पातळ द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की नळी वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्यामुळे नळीच्या तोंडाशी असलेला जेलीसारखा पडदा वाकतो. पडद्यात रुतलेले सूक्ष्म केस वाकले की त्यांच्या पेशींकडून मेंदूला खबर जाते. फुगडी बराच वेळ चालली की द्रवही नळीच्याच वेगाने फिरायला लागतो. मग पाय थांबले तरी द्रव आपल्या वेगात पुढे जात राहतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला वाटतं, आपण आता उलटे फिरतोय. थोड्या वेळात द्रव स्थिरावतो आणि पोरी हसत पुढची फुगडी धरतात.

हेच गरगरणं एखाद्या पहाटे अंथरुणात कूस बदलताना आलं की माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. छत फिरतं, दरदरून घाम सुटतो, उलटी होते, आता काही खरं नाही असं वाटतं. मग घरोघरी ठरलेली निदानं होतात: पित्त वर चढलंय, बीपी उतरलंय, साखर कमी झालीय, मानेचा मणका दाबला गेलाय. दवाखान्यात सलाइन लागते, मानेला पट्टा चढतो, चक्कर थांबवणारी गोळी सुरू होते आणि ‘डोकं हलवू नका, पडून राहा’ असा सल्ला मिळतो. ती गोळी बंद करायला मात्र पुढे कुणीच सांगत नाही. महिनोन्‌महिने ती रक्तदाबाच्या गोळीशेजारी डबीत मुक्काम करते. माझं म्हणणं असं आहे की बिघडलेला तोल पुन्हा बसवण्याचं काम मेंदू स्वतः करतो, ते काम हालचालीतून आणि हालचालीत होणाऱ्या चुकांतून होतं, आणि लांबलेली विश्रांती व लांबलेली गोळी या दोन्ही गोष्टी नेमकं तेच काम अडवतात. गेल्या अर्धशतकातलं मेंदूसंशोधन हेच सांगत आलं आहे. आपल्या दवाखान्यांची आणि घरांची रीत अजून त्याच्या उलट आहे.

आधी मेंदूचा हिशेब समजून घेऊ. डोकं अगदी स्थिर असतानाही दोन्ही कानांकडून येणारे तोलाचे मज्जातंतू गप्प नसतात. माकडांत मोजलं तेव्हा एकेका तंतूतून सेकंदाला सरासरी ९० च्या आसपास संदेश जाताना आढळले. मान उजवीकडे वळली की उजव्या बाजूचे संदेश वाढतात, डाव्या बाजूचे घटतात, आणि मेंदू त्यातला फरक वाचतो. दोन्ही पारडी सारखी असली म्हणजे डोकं स्थिर आहे. आता समजा, विषाणूच्या संसर्गाने डाव्या कानाचा तंतू एका रात्रीत निकामी झाला. डावं पारडं शून्यावर आलं, उजवं आहे तिथेच आहे. डोकं उशीवर निश्चल पडलेलं असलं तरी मेंदूला मिळणारी बातमी उजवीकडे भरधाव फिरत असल्याची असते. डोळे त्या बातमीवर विश्वास ठेवून एका बाजूला सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. म्हणून खोली फिरते.

हा प्रकार फार दिवस टिकत नाही, आणि गंमत अशी की कान बरा झाला नाही तरी तो थांबतो. मेंदूच्या देठात तोलाच्या पेशींचे दोन पुंजके आहेत, उजवा आणि डावा. एरवी ते एकमेकांना थोडं दाबून धरतात. डाव्या कानाकडून काही येईनासं झालं की उजवा पुंजका डाव्याला जास्तच दाबतो. पण काही दिवसांत डावीकडच्या पेशी त्या दाबाला पहिल्यासारखी दाद देईनाशा होतात, स्वतःची संवेदनक्षमता वाढवतात आणि कानाकडून एकही संदेश नसताना आपणहून संदेश सोडायला लागतात. पारडी पुन्हा सारखी होतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत हे पेशी-पेशींत विद्युतसुया घालून नोंदलेलं आहे. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांना तर तंतू कापलेल्या प्रौढ मांजरांच्या या भागात नव्या पेशी जन्मताना दिसल्या, आणि ती वाढ औषधाने रोखली तेव्हा मांजरांचं सावरणं लांबलं.

इथवरचं काम बऱ्याच अंशी रुग्ण पडून असतानाही होतं, आणि लोकांची गल्लत इथेच होते. खोली फिरायची थांबली म्हणजे आपण बरे झालो, असं वाटतं. मग उठून चालायला लागलं की लक्षात येतं, मान वळवली की नजर घसरते, जिना उतरताना पायरी हलते, गर्दीच्या बाजारात पाऊल ठरत नाही. यामागे दुसरी यंत्रणा आहे. आपण चालत्या एसटीतून दुकानाची पाटी वाचू शकतो, कारण डोकं जितकं एका बाजूला हलतं तितकेच डोळे दुसऱ्या बाजूला वळतात. कानाच्या हुकमावरची ही प्रतिक्रिया सेकंदाच्या शंभराव्या भागात होते. नजरेने पाहून डोळे वळवायचे म्हटलं तर त्याच्या दसपट वेळ लागतो. एक कान गेला की डोळे कमी वळतात, आणि ही तूट झोपून भरत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका कानातली तोलयंत्रणा काढून टाकलेल्या ऱ्हीसस माकडांना काही दिवस पूर्ण अंधारात ठेवलं होतं. डोळ्यांची आपोआप होणारी थरथर अंधारातही कमी झाली. डोकं हलताना डोळे स्थिर ठेवण्याची क्षमता मात्र जिथल्या तिथे राहिली, आणि दिवा लागला तेव्हा कुठे सुधारायला लागली. दिसणं हवं, हलणं हवं, आणि हलताना दिसणं बिघडायलाही हवं. त्या बिघाडातून मेंदूला चुकीचं माप कळतं.

मेंदू हे माप किती दूरवर बदलू शकतो, याची एक जुनी कसोटी आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मेलव्हिल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७० च्या दशकात माणसांना डावं-उजवं उलटं दाखवणारे लोलकांचे चष्मे घातले आणि ते तीन-चार आठवड्यांपर्यंत दिवसभर वापरायला लावले. सुरुवातीला माणसं भिंतींना धडकत, त्यांना मळमळे. पण काही दिवसांत कानाच्या हुकमावर डोळे वळणं कमी झालं आणि पुढे तर त्याची दिशाच बदलत गेली. ही प्रतिक्रिया जन्मजात म्हणून ओळखली जाते, तरी ती शिकवता येते. याच सुमाराला जपानचे मासाओ इतो सांगत होते की हे शिकणं लहान मेंदूत, पर्किंजे पेशींच्या जोडण्यांत होतं: डोळ्यांसमोरचं चित्र घसरलं की त्या चुकीची खबर एका स्वतंत्र तंतूने पर्किंजे पेशीपर्यंत पोचते आणि तिथली जोडणी कमकुवत होते. १९८२ साली त्यांनी सशांत ही जोडणी खरोखर कमकुवत होताना दाखवली. म्हणजे शिकण्याची ठिणगी चुकीत आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१३ साली २९ बॅले नर्तिकांची आणि २० नौकापटू स्त्रियांची तुलना झाली. अंधारात खुर्ची फिरवून थांबवल्यावर नर्तिकांना गरगरल्याची जाणीव कमी वेळ झाली, आणि लहान मेंदूच्या संबंधित भागातही फरक दिसला. कथकमध्ये एकामागून एक चक्कर घेऊन बरोबर समेवर निश्चल उभी राहणारी नर्तिका आपण पाहतो, तेव्हा नजर एका बिंदूवर धरण्याच्या कसबाबरोबरच वर्षानुवर्षांच्या रियाजाने घडलेला मेंदू उभा असतो, असं मानायला यामुळे आधार मिळतो.

या क्षमतेचं कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर ते रुग्णांवर अन्याय करणारं ठरेल. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक. ते कानातल्या तोलाच्या पेशी मारतं, आणि दोन्ही कानांतल्या मारतं. १९५२ साली एका अमेरिकी डॉक्टराने वैद्यकीय नियतकालिकात स्वतःवर ओढवलेली ही अवस्था लिहिली. त्याला पलंगावर पडून वाचायचं असलं तर डोकं पलंगाच्या दोन गजांमध्ये घट्ट अडकवावं लागे, कारण नाडीच्या प्रत्येक ठोक्याने होणाऱ्या हलक्या हिसक्यानेही अक्षरं उडत. पुढे तो हिंडू-फिरू लागला, कामाला लागला, पण रस्त्यावरची पाटी वाचायची तर थांबावंच लागे. दोन्ही पारडी गेल्यावर मेंदूला तुलनाच करता येत नाही; तो नजरेवर आणि तळपायाच्या स्पर्शावर भिस्त ठेवायला शिकतो, आणि अंधारात, वाळूवर किंवा खाचखळग्यांच्या रस्त्यावर ती भिस्त तोकडी पडते. भारताच्या क्षय कार्यक्रमात दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्या रुग्णांना वर्षानुवर्षं दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली जात. त्यामुळे अंधारात भिंत धरून चालणाऱ्या एखाद्या वृद्धाला ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याआधी त्याला पूर्वी क्षयाची इंजेक्शनं दिली होती का, हे विचारायला हवं.

एक कान शाबूत असलेल्यांचं चित्र पुष्कळ आशादायक आहे. तिथे उपचार म्हणजे ठरवून केलेली चूक. भिंतीवर काळनिर्णय लावलेलं असतं. त्यातली एक तारीख निवडायची, हातभर अंतरावर उभं राहायचं, नजर तारखेवर खिळवायची आणि मान नकार देताना हलवतो तशी डावी-उजवीकडे हलवायची. वेग हळूहळू वाढवत न्यायचा, तारीख जराशी पुसट व्हायला लागेल तिथपर्यंत. त्या पुसटपणाच्या काठावर मिनिटभर काम करायचं आणि थांबायचं. दिवसातून असं तीन-चार वेळा. आठवड्याने त्याच वेगाला तारीख स्पष्ट दिसू लागली की वेग वाढवायचा, मग पाय जुळवून उभं राहून, मग चालता-चालता. दिसायला पोरखेळ वाटावा असा हा व्यायाम लहान मेंदूला रोज थोडी चूक पुरवतो, आणि मेंदू ती सुधारत जातो. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी या डॉक्टरांना आढळलं होतं की कानाच्या इजेनंतर लवकर हिंडू लागलेले रुग्ण लवकर सावरतात. त्यांनी अंथरुणातल्या नजरेच्या हालचालींपासून चेंडू झेलण्यापर्यंतचे व्यायाम बसवले, आणि ते गोंगाटात व गर्दीतही करून घेतले. पुढे हे चाचण्यांतही सिद्ध झालं. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ३९ अभ्यास आणि २,४४१ रुग्ण होते. एका बाजूचा तोल बिघडलेल्यांना अशा व्यायामांचा फायदा होतो आणि ते सुरक्षित आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: गोळीने बरं वाटतं, मग ती का नको? पहिल्या दोन-तीन दिवसांत, उलट्यांनी माणूस हैराण झालेला असताना, गोळी किंवा इंजेक्शन जरूर हवं. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधं तोलाच्या यंत्रणेचा आवाजच कमी करतात. गरगरणं दबतं, पण चुकीची खबरही दबते आणि मेंदूला शिकायला काही उरत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांत ही औषधं दीर्घकाळ चालली तर हात कापणं, शरीर ताठरणं, पावलं अडखळणं अशी कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात, म्हणजे पडण्याचा धोका औषधानेच वाढतो. बीटाहिस्टिन या जातीतलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. ते यंत्रणा दाबत नाही, मांजरांमध्ये तर त्याने सावरण्याला वेग आल्याचं दिसलं आहे. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत मेनिएरच्या आजाराच्या, म्हणजे चक्करेचे झटके पुन्हा पुन्हा येणाऱ्या कानाच्या विकाराच्या, २२१ रुग्णांना नऊ महिने कमी मात्रा, जास्त मात्रा किंवा औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली, तेव्हा तिन्ही गटांत झटके सारखेच कमी झाले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांनाही बरं वाटलं, हे इथे महत्त्वाचं आहे. चक्करेचे बहुतेक आजार काळाबरोबर आपोआप उतरतात, आणि त्या काळात जे काही तोंडात असेल त्याला श्रेय जातं.

श्रेयाची ही चोरी सर्वांत जास्त होते ती कूस बदलताना येणाऱ्या चक्करेत. चक्करेचा हा अगदी सर्रास आढळणारा प्रकार आहे. कानातल्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे धुळीसारखे बारीक स्फटिक असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं विशिष्ट कोनात येताच घरंगळतात, द्रवाला ओढतात आणि मिनिटभराच्या आत थांबणारी जोराची गरगर सुरू होते. मणक्याचा यात काही संबंध नाही, पित्ताचाही नाही. रॉबर्ट बारानी यांनी या चक्करेचं वर्णन १९२१ साली केलं होतं. कानाच्या तोलयंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ सालचं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली तपासणीची पद्धत पक्की केली: रुग्णाला बसवून मान ४५ अंश वळवायची, झटकन मागे झोपवून डोकं पलंगाच्या कडेखाली किंचित लोंबू द्यायचं आणि डोळ्यांकडे पाहायचं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी १९८० साली त्याच पलंगावरचा उपाय मांडला: तिथूनच डोकं आणि मग अंग टप्प्याटप्प्याने दुसऱ्या बाजूला वळवत नेऊन स्फटिक नळीतून परत पिशवीत उतरवायचे. डोकं फिरवून चक्कर बरी होते यावर समव्यावसायिकांचा विश्वास बसेना, आणि त्यांचा मुख्य लेख छापून यायला १९९२ साल उजाडलं. आज तोच जगभर पहिला उपाय आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना या आजारात चक्कर दाबणारी औषधं सरसकट देऊ नयेत असं स्पष्ट बजावतात. स्फटिक गोळीने हलत नाहीत. पण पुष्कळदा ते काही आठवड्यांत आपसूक विरघळतात किंवा जागेवर जातात, आणि तोवर चालू असलेली गोळी ‘लागू पडली’ ठरते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चक्कर म्हणजे पक्षाघात असला तर? लहान मेंदूकडचा रक्तपुरवठा अडला तर अशीच चक्कर येऊ शकते. बोलणं जड होणं, एका वस्तूच्या दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातापायातलं बळ जाणं, गिळता न येणं, आधारानेही उभं राहता न येणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर व्यायाम, गोळी सगळं बाजूला ठेवून थेट मोठं रुग्णालय गाठावं. पण हा आक्षेप नीट पाहिला तर गोळीच्या बाजूने जात नाही. तो तपासणीच्या बाजूने जातो. चक्कर सतत चालू असलेल्या रुग्णात प्रशिक्षित डॉक्टराने खाटेशेजारी केलेल्या डोळ्यांच्या तीन साध्या तपासण्या सुरुवातीच्या तासांतल्या एमआरआयपेक्षाही पक्षाघात अचूक ओळखतात, हे २००९ साली दाखवलं गेलं आहे. न तपासता इंजेक्शन देऊन घरी पाठवणं पक्षाघाताच्या रुग्णालाही घातक आणि स्फटिक सरकलेल्यालाही निरुपयोगी.

म्हातारी माणसं व्यायाम करताना पडतील, ही भीती घरच्यांना असते, आणि ती रास्त आहे. जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणूनच हे व्यायाम खोलीच्या कोपऱ्यात, पाठीशी दोन भिंती आणि समोर खुर्चीची पाठ धरून सुरू करतात. हालचाल टाळल्याने पडणं टळत नाही, ते पुढे ढकललं जातं. पडून राहणाऱ्याचे पाय दुबळे होतात, मेंदूची घडी बसत नाही, आणि जोडीला भीती घट्ट होते. कान सावरला तरी तीन महिने किंवा अधिक काळ बहुतेक दिवस डोलल्यासारखं वाटत राहणं, मॉलमध्ये किंवा स्टेशनवर ते वाढणं, मान वळवायला धजत नसणं, या अवस्थेची व्याख्या २०१७ साली बारानी यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने निश्चित केली. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणणं निर्दय आहे. त्याचा मेंदू धोक्याच्या काळातली चाल सोडायला तयार नाही, आणि सर्वकाळ जपून चालायला सांगणारी माणसं नकळत तीच चाल पक्की करतात. मेनिएरच्या आजारात झटका चालू असताना किंवा अर्धशिशीशी निगडित चक्करेत नुसते व्यायाम पुरत नाहीत, त्यांचे उपचार वेगळे आहेत. पण ते वेगळं ओळखायला आधी तपासणीचा पलंग वापरावा लागतो.

वेळ नाही, ही डॉक्टरांची अडचण खरी आहे. दारात ६० रुग्ण बसलेले असतात. तरी एप्लींच्या पद्धतीला पाचेक मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुठल्याही पलंगावर ती करता येते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला डिक्स-हॉलपाइकची तपासणी करून दाखवावी लागली, तर काही वर्षांत ती गावोगावी पोचेल. ग्रामीण रुग्णालयांतल्या फिजिओथेरपिस्टांना तोलाचे व्यायाम शिकवायला मोठा निधी लागणार नाही. आणि यासाठी कुणाच्या परिपत्रकाची वाट न पाहता उद्यापासून करता येईल असं एक काम आहे. चक्करेची गोळी लिहिताना डॉक्टर नावापुढे सकाळी एक, रात्री एक असं लिहितात. त्याच ओळीत ती बंद करण्याची तारीख लिहावी, आणि तिच्या खाली, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून मान कधीपासून हलवायची, ती तारीख.